शिंप्याच्या नावावरचं पुस्तक

१४ जानेवारी

चिरंजीव मेहुण्यास, आशीर्वाद आणि त्याखाली एक तक्रार.

तुझी ताई शेजारी बसून सांगते आहे की नुसती थट्टा नको, प्रकृती विचारा. विचारली. नीट जेवतोस का, हेही विचारलं. सरकार तुला सात महिने शोधतं आहे आणि तू सापडत नाहीस, याचा तिला अभिमान वाटतो. मला आश्चर्य वाटतं. लहानपणी लपंडावात तू पहिल्या डावात सापडायचास, कारण लपलेल्या जागी तुला हसू आवरायचं नाही.

आता तक्रार. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातून, म्हणजे माझ्या ताब्यातल्या साडेतीन कपाटांतून, जाताना तू मोठ्या कोशाचा दुसरा खंड उचलून नेलास. 'त'पासून 'भ'पर्यंत. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना देश, धर्म, न्याय आणि पाप यांचे अर्थ पाहता येत नाहीत. त्यांचं काही अडलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण मार्चमध्ये तपासनीस येतात, आणि रजिस्टरात प्रत्येक बाहेर गेलेल्या पुस्तकापुढे नेणाऱ्याचं नाव आणि पत्ता लागतो. तुझं नाव लिहिता येत नाही. 'हरवलं' असंही लिहिता येत नाही, कारण ते हरवलेलं नाही, तू ढापलेलं आहेस. बावीस वर्षं मी हे रजिस्टर लिहितो आहे, त्यात एक खोटं अक्षर नाही. आपली नर्स पंधरवड्याला तिकडच्या इस्पितळात येते, तिच्या पिशवीतून खंड परत पाठव.

तुझा,
भावजी

२९ जानेवारी

प्रिय भावजी,

कोश मिळणार नाही. रागावू नका. आमची मंडळी एकमेकांना आकड्यांत निरोप पाठवतात: पान, ओळ, शब्द. तोच खंड दुसऱ्या एका गावी आणखी एकाजवळ आहे. तुमच्या कपाटात असताना त्याला कोणी हात लावत नव्हतं. इथे दिवसातून चार वेळा उघडला जातो. ज्या माणसाने त्यात आयुष्य घातलं त्याला बरं वाटेल.

मी एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत राहतो. शिंपीकाका तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं 'हूं' असतं. काकू दाराशी बसून काजं करतात आणि त्यांना टोमणे मारतात. काकांना लिहिता-वाचता येत नाही. काकू म्हणतात, "म्हणूनच यांना कोणी काही सांगितलं की खरं वाटतं." मी काकांना एकदा म्हटलं, आम्ही सापडलो तर तुम्हालाही आत टाकतील. टाचण्या काढून म्हणाले, "तिथेही कपडे फाटतातच की."

मला एक जाकीट शिवून दिलं. आतल्या खिशाचं माप घेताना, त्यात काय राहणार हे विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जड आहे ना? मग दुहेरी अस्तर घालतो."

दुकानाचा पत्ता नर्स सांगेल. अगदी अडचण आली तरच वापरा. पाठ करा, कागदावर ठेवू नका.

ताईला सांगा, जेवतो. काकू ताटाशी पहारा करतात.

तुमचा,
मेहुणा

१६ फेब्रुवारी

चिरंजीव,

पत्ता पाठ आहे. पाठांतर हाच आमचा धंदा. जी भाषा कोणी बोलत नाही ती शिकवून पोट भरतो, त्यामुळे चुका काढायलाही कोणी येत नाही.

कोशाचा प्रश्न मी सोडवला. रजिस्टरात 'नेणार' या रकान्यात तुझ्या शिंपीकाकांचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहिला. पुस्तक त्यांच्या घरात आहे, म्हणजे नोंद खरी. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या जानव्यासारखी अंगावर. तेव्हा ओरडू नकोस.

आमच्या घरासमोर सायकलच्या दुकानात एक साध्या कपड्यांतला पोलीस बसतो. त्याला सायकल चालवता येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझं टपाल फोडून, वाचून, पुन्हा चिकटवून येतं. पोस्टमन बिचारा माझ्याकडे न बघता देतो. त्यांना वाटतं मास्तर कधीतरी घसरेल. टपालाने तुला एक ओळ लिहिण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. नर्सच्या हाताशिवाय माझं अक्षर तुझ्याकडे येणार नाही, याची खात्री बाळग.

काकूंना माझा नमस्कार. ताटावरचा पहारा चालू ठेवावा.

तुझा,
भावजी

२४ मार्च

भावजी,

सोमवारी भर दुपारी माडी वेढली. माडीवरचे माझे दोन सोबती, कंपाउंडर आणि फोटोग्राफर, जागीच गेले. दोघांची नावं तुम्हाला माहीत नाहीत, तशीच राहू देत. मी धोब्याच्या पत्र्यावरून उडी मारली, पाय मोडला असावा. कागद, कोश, सगळं त्यांच्या हाती पडलं.

शिंपीकाकांना नेलं होतं. काल सोडलं. तीन दिवसांत. आमच्या माणसांना तीन-तीन महिने सोडत नाहीत. मंडळींचं म्हणणं असं की माडीची माहिती आम्हा चौघांना, नर्सला आणि काकांना. चौघांतले दोन मेले. नर्स त्याच दुपारी यायची होती, वेळेवर आली असती तर तीही मेली असती. राहिलं कोण? आणि यांना इतक्या लवकर सोडलं ते का?

मला विचारलं. मी म्हटलं, मला खात्री नाही. मी त्यांचं अन्न खाल्लंय, म्हणून माझं मत धरत नाहीत. मी दोन आठवडे मागून घेतले आहेत. भावजी, तुम्ही माणसं ओळखता. माडीचा पत्ता तुम्हालाही ठाऊक होता, तुमच्या कानावर तिकडचं काही आलं असेल. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मेहुणा

३० मार्च

चिरंजीव,

पाय आधी दाखव. मोडलेलं हाड वाकडं बसलं की जन्मभर वाकडंच राहतं. ताई रोज विचारते. मी सांगतो की मुरगळला आहे.

इथे सगळं ठीक. तपासणी झाली. एक अधिकारी मागच्या शनिवारी येऊन बसले होते ग्रंथालयात, बराच वेळ. नोंदी पाहून फार खूश झाले. म्हणाले, इतकं चोख रजिस्टर या भागात पाहिलं नाही. मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं. विद्यार्थ्यांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. यंदाचा वर्ग बरा आहे, म्हणजे झोपतो तेव्हा घोरत नाही.

तू विचारलंस त्याबद्दल. घाई करू नये असं मला वाटतं. शिंप्याने हे केलं नसावं. का वाटतं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. तू लिहिलेल्या दोन-चार गोष्टींवरून माणूस तसा वाटत नाही. संशयाचा फायदा आरोपीला देतात, हे तर परक्या सरकारच्या कायद्यातही आहे. मंडळींना माझ्या वतीने सांग की थांबा. पुढच्या खेपेला सविस्तर लिहीन. आज डोकं दुखतं आहे.

भावजी

९ एप्रिल

भावजी,

तुमचं 'वाटतं' मी मंडळींपुढे ठेवलं. पुढच्या खेपेपर्यंत थांबा म्हटलं. ते म्हणाले, मास्तरांच्या वाटण्यावर संघटना चालत नाही, आणि थांबलो तर दुसरी माडीही जाईल. मी पुष्कळ भांडलो. शेवटी म्हटलं, करायचंच असेल तर मी करतो. परक्या माणसाच्या हातून नको.

परवा दुपारी गेलो. काकू पाण्याला गेल्या होत्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका मशीनशी नुसते बसून होते. मला पाहून उठले. "पाय बरा झाला का?" म्हणाले. पाठीला काहीतरी झालं असावं, उठताना भिंत धरली.

ते आतल्या खिशातून लवकर निघेना. दुहेरी अस्तरात अडकलं. काका म्हणाले, "थांब, बघू," आणि हात पुढे केला. त्यांना वाटलं, शिवणीत काही राहिलं आहे.

मंडळींनी दुकानाच्या फळीवर पत्रक लावलं. देशद्रोह्याला शासन. अक्षर सुंदर होतं.

तुम्ही सविस्तर लिहिणार होतात. आता काय लिहाल?

मेहुणा

१५ एप्रिल

चिरंजीव,

आता लिहितो. हे वाचून झाल्यावर तू मला काय म्हणायचं ते ठरव. 'भावजी' म्हणायलाच हवं असं नाही.

आमच्या ग्रंथालयाचा नियम आहे. मुदत उलटली की पुस्तक नेणाऱ्याला छापील कार्ड जातं: 'आपल्याकडे अमुक ग्रंथ आहे, तो त्वरित परत करावा.' मार्चच्या पहिल्या शनिवारी मी रजिस्टर उघडून बसतो आणि उतरवून काढतो. या वर्षी एकोणीस कार्डं होती. बावीस वर्षांच्या सवयीने हात चालतो, डोकं दुसरीकडे असतं. त्या दिवशी मुख्याध्यापकांशी खिडकीच्या तुटलेल्या काचेवरून वाद घालत होतो. शिपायाने एकोणीसही कार्डं पेटीत टाकली. त्यांतलं एक शिंप्याच्या पत्त्यावर होतं.

टपालाने तुला ओळही लिहिणार नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ती माझी फुशारकी खोटी नव्हती. कार्ड हे माझ्या लेखी पत्र नव्हतंच. ते काम होतं.

ज्या अधिकाऱ्याबद्दल मी तुला लिहिलं, तो शाळा-तपासनीस नव्हता. पोलीस अधिकारी होता. छापा पडल्यावर पाचव्या दिवशी, पंचवीस मार्चला, शाळेत आला. खुर्ची ओढून बसला, ते कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "गुरुजी, आम्ही सात महिने तुमची पत्रं वाचतो. सगळी साखरेसारखी स्वच्छ. मग एक दिवस हे आलं. ज्या शिंप्याला सहीच्या जागी अंगठा लावावा लागतो, त्याला तीनशे मैलांवरून शाळा लिहिते की बाबा, आमचा कोश परत दे. माझे लोक तासभर हसत होते." मी म्हटलं, माणसाला वाचनाची आवड असू शकते. तो म्हणाला, "असू शकते. म्हणून पाहायला गेलो." जाताना माझे आभार मानले आणि खंड परत केला. कपाटात आहे. सातव्या पानावर डाग आहे. मी पुसायचा प्रयत्न केला नाही.

शिंप्याला लवकर सोडलं, कारण त्याच्याकडून त्यांना काही नको होतं. जे हवं ते माझ्या अक्षरात मिळालं होतं.

मला हे तीस तारखेला ठाऊक होतं. तू स्पष्ट विचारलंस आणि मी तुला घोरणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं. तेव्हा चार वेळा कागद फाडला. दोघं माझ्या हाताने मेले हे लिहिलं की ते खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं. वाटलं, एक खेप मिळेल, धीर येईल, मग लिहीन. तिसरा माणूस त्या एका खेपेत गेला. पंधरवडा थांबायला मला लाज वाटली नाही. तुला गोळी झाडायला मात्र कोणी पंधरवड्याहून जास्त दिला नाही.

हे पत्र तुझ्या मंडळींना दाखव. त्यांना माणूस हवा असेल तर मी सकाळी दहा ते पाच शाळेत असतो.

२ मे

भावजी,

दुसरं काही म्हणता येत नाही, म्हणून भावजीच.

तुमचं पत्र मंडळींना दाखवलं. तिघांनी वाचलं. मग प्रमुख म्हणाले, "पत्रक गावोगाव गेलंय. आता आपण चुकलो म्हटलं तर उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवेल? एक शिंपी गेला. चळवळ राहिली पाहिजे." पत्र त्यांनी माझ्यासमोर जाळलं. तुमच्याकडे कोणी येणार नाही. तुम्ही शाळेत बसा.

मी काकूंच्या गल्लीत दोनदा जाऊन आलो, लांबून. त्यांना नळावरच्या रांगेत उभं राहू देत नाहीत. फळीवरचं पत्रक त्यांनी काढलं तर शेजारच्यांनी दुसरं लावलं. दुकानात कोणी कापड आणत नाही.

उद्या मी हजर होणार आहे. कोर्टात मला बोलू द्यावं लागेल. तिथे सगळ्यांसमोर सांगेन की तो माणूस निर्दोष होता. कोर्टाच्या कागदावर आलं की कोणाला जाळता येणार नाही.

तुमचं नाव घेणार नाही. तुम्हाला वाचवायला नाही. ताईला आता तुमच्याशिवाय कोणी राहणार नाही म्हणून.

मेहुणा

११ जुलै

चिरंजीव,

हे पत्र तुरुंगाच्या कचेरीत वाचलं जाईल. वाचणाऱ्यांना नमस्कार, माझं टपाल तुम्हाला नवीन नाही.

मी चारही दिवस कोर्टात मागच्या बाकावर होतो. तू मला पाहिलंस की नाही, कळलं नाही. तू उभा राहून म्हणालास, "शिंपी निर्दोष होता." कारकुनाने टाक उचलला. न्यायाधीश म्हणाले, मृताचं चारित्र्य हा या खटल्याचा विषय नाही, आरोपीने गोळी झाडल्याचं कबूल केलं एवढं लिहा. कारकुनाने तेवढं लिहिलं. मी पाहत होतो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच नोंद करणाऱ्या माणसाची चीड आली.

खटल्याची बातमी छापायला वर्तमानपत्रांना बंदी आहे. बाहेर लोक एवढंच म्हणतात की देशद्रोह्याला मारणाऱ्याला फाशीची शिक्षा झाली. तुझे फोटो विकतात. शिंप्याच्या दारावर कोणी पुन्हा शेण मारलं.

ताईला मी सगळं सांगितलं. तू नको म्हणाला असतास. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय वाकडाच राहिला ना त्याचा?" तिने निकालाच्या दिवशी तुला चालताना पाहिलं होतं.

काय करू ते सांग. यापुढे तू सांगशील ते आणि तेवढंच करीन.

भावजी

२८ जुलै

प्रिय भावजी,

एकच कागद मिळतो, म्हणून थोडक्यात.

मी खाली मजकूर लिहितो. तुमच्या अक्षरात त्याच्या प्रती करा, माझं नाव खाली घाला. तुमचं घालायचं की नाही ते तुम्ही आणि ताई ठरवा. काकूंच्या गल्लीत, नळावर, बाजारात लावा. पण आधी काकूंकडे जा आणि त्यांना वाचून दाखवा. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं असतं, तुम्हाला कदाचित आत घेतील.

'या गल्लीतल्या शिंप्याने कोणाचंही घर दाखवलं नाही. त्याने आम्हाला आसरा दिला आणि पोलिसांचा मार खाऊनही तोंड उघडलं नाही. आम्ही खात्री न करता त्याला मारलं. मी मारलं. त्याच्या पत्नीने त्याच्यावर एक क्षणही अविश्वास दाखवला नाही. तिचं बरोबर होतं, आमचं चूक. तिला नळावर उभं राहू द्या.'

काकू काय म्हणाल्या ते मला कळवा. शिव्या दिल्या तर शिव्या कळवा. ऑगस्टच्या अखेरीपर्यंत वेळ आहे.

ताईला भेटायला आणू नका. आणा. मला ठरवता येत नाही.

मेहुणा

१९ ऑगस्ट

चिरंजीव,

ताईला घेऊन सोमवारी येतो. परवानगी मिळाली आहे.

काकूंकडे काल गेलो. तू विचारलंस म्हणून सगळं लिहितो. यातलं काही ठेवून घ्यावं असं कालपासून वाटतं आहे, म्हणूनच लिहितो.

दुकान चालू आहे. त्या दाराशी बसून काजं करत होत्या. खाकी कापड होतं. मी पाहतो आहे हे पाहून म्हणाल्या, "पोलिसांचे गणवेश. दुसरं कोणी काम देत नाही. आता शेजारी म्हणतात, बघा, म्हणत नव्हतो?" बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि आधी कार्डाचं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली नाही. फक्त विचारलं, "म्हणजे ते कार्ड तुमच्याकडून आलं होतं? पोलिसांनी यांना तेच दाखवून विचारलं, हे काय आहे. यांना काय वाचता येणार."

मग मी तुझा मजकूर वाचून दाखवला. पुन्हा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचला. पत्नीच्या वाक्याशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, माझ्या मेहुण्याने.

"हे काढा."

मला वाटलं, त्यांना स्वतःचा उल्लेख नको असेल. म्हटलं, यानेच लोकांना कळेल की तुमची काही चूक नव्हती.

"खरं नाही ते," त्या म्हणाल्या. "पोलिसांतून आले तेव्हा पाठ पार फुटली होती. म्हणाले, मी काही बोललो नाही गं. मी म्हटलं, मग सोडलं कसं? वर दोन पोरं मेली आणि तुम्हाला तीन दिवसांत सोडतात? म्हणाले, मलाही कळत नाही. मला वाटलं, मारामुळे बोलून गेले असतील आणि आता लाजेने सांगत नाहीत. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट ठेवायचे आणि उठायचे. पाठीला तेल त्यांनी आपलं आपण लावलं, हात पोचायचा तिथवर. त्या दिवशी पाण्याला गेले तीही न सांगताच गेले."

मग बराच वेळ त्यांनी काज केलं. मी तिथेच उभा. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आला नसतात तर मला वाटत राहिलं असतं की माझं बरोबर होतं."

मी विचारलं, कागद लावू की नको?

"लावा. ते वाक्य काढून लावा. आणि नळाचंही काढा. मी लांबच्या विहिरीवर जाते, मला जमतं."

शिव्या दिल्या नाहीत. तुझ्याबद्दल एकच विचारलं, फाशी कधी आहे. मी तारीख सांगितली. मान हलवली.

ती वाक्यं धरून मी चाळीस प्रती लिहून नेल्या होत्या. त्यांवर नुसती रेघ ओढली असती तर खालचं वाचता आलं असतं. म्हणून त्या चुलीत घातल्या आणि पुन्हा लिहायला बसलो आहे. खाली तुझं नाव, त्याखाली माझं. ताई कागद कापून देते आहे. आतापर्यंत अकरा झाल्या.

तुझा,
भावजी